खाली नव्हे, रिकामं

भुतंखेतं, साक्षात्कार, स्वप्नात येऊन सांगणं... असलं काही कोणी सुरू केलं की मी उठून चहा करायला जाते. केंद्र सरकारच्या ऑफिसात जन्म घालवलेली बाई मी, कागदावर नसेल ते मला खरं वाटत नाही. तरी हे लिहितेय, कारण घरात कोणी ऐकून घेत नाही. मुलगा म्हणतो, "आई, यार, तू थकली होतीस." थकले होते, मान्य. बहिरी नव्हते!

गाझियाबादच्या पुढे, हायवे सोडून आत, उसाच्या शेतांना लागून एक आश्रम आहे. माझी मावशी तिथेच राहायची. पहाडगंजला शाळेत मराठी शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेली. मागेपुढे कोणी नाही, म्हणून रिटायर झाल्यावर आश्रमात सेवेला गेली आणि तिथलीच झाली. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. मी दर रविवारी सेवेला जायचे, म्हणजे पोळ्या लाटायच्या, पातेली घासायची आणि मावशीची बोलणी खायची. मी दिल्लीत वाढलेली. "मावशी, डबा खाली झाला" म्हटलं की ती भडकायची.

"डबा रिकामा होतो गं बाई! खाली म्हणजे तळाशी. हिंदी बाहेर बोल, माझ्यासमोर मराठी बोल."

पन्नाशी उलटली तरी मला हा ओरडा.

मग दिवाळीत तिला अर्धांगाचा झटका आला. पाय ओढत चालायची, पण वाचा गेली ती गेलीच. नुसतं "अं... अं." जिने पोरांना बोलायला शिकवलं तिचंच हे असं व्हावं? मला फार राग यायचा. देवाचासुद्धा.

जानेवारीतला रविवार. धुकं इतकं की रसोईतून समोरचं मंदिर दिसेना. सकाळच्या आरतीनंतर कळलं, मावशी खोलीत नाही. सगळे शेतांकडे, हायवेकडे धावले. मीही निघाले, तर स्वामीजी म्हणाले, "आप यहीं रुकिए. लौट आईं तो सामने कोई अपना हो." म्हणून मी रसोईत थांबले, तिथे स्वयंपाक करणाऱ्या बिमलाबरोबर. एक पोळी धड लाटली जाईना. एवढा गारठा, आणि मावशीची शाल खोलीतच पडलेली...

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"खाली आहे गं. खाली!"

मावशीचा. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तसा खणखणीत.

मी गर्रकन वळले. कोणी नाही. पण बिमलाही वळली होती. "कौन बोला, दीदी? क्या खाली है? ड्रम तो भरा पड़ा है."

मीही वेड्यासारखी पाण्याच्या ड्रममध्ये डोकावले. सिलिंडर हलवून पाहिला. आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. मावशी रिकाम्याला खाली म्हणेल? मेली तरी म्हणणार नाही!

रसोईच्या खाली तळघर आहे, धान्य-बटाट्यांचं. तिथे कोणी शोधलंच नव्हतं, कारण कडी बाहेरून लागलेली. पहाटे बटाटे काढून बिमलानेच ती लावली होती. जुन्या सवयीने मावशी तिच्या मागोमाग उतरली असणार, अंधारात हिला दिसली नसणार.

पायऱ्यांच्या तळाशी पडली होती. अंग गार. डोळे मात्र उघडे, मला बघून हलले.

"मावशी, तूच हाक मारलीस ना?"

ओठ हलले. "अं... अं." बस, तेवढंच.

आश्रमाच्या गाडीतून तिला घेऊन निघालो, पण धुक्यात गाडी पुढे सरकेना. हॉस्पिटल यायच्या आत ती माझ्या मांडीवर गेली.

डॉक्टर म्हणाले, तिला एक शब्दही बोलता येणं शक्य नव्हतं. शिवाय मध्ये जाड स्लॅब, वर शेगड्यांचा आवाज. मग आम्ही दोघींनी काय ऐकलं? लोक भास म्हणतात. दोघींना एकच भास? बरं, बिमलाला मराठीचं एक अक्षर येत नाही... जाऊ दे. मला उत्तर नको होतं, मला मावशी हवी होती.

"खाली"चा मराठीतला अर्थ मी नंतर बिमलाला सांगितला. उगाच सांगितला. अजूनही रसोईत कोणी "सिलिंडर खाली है" म्हटलं की ती हातातलं टाकते, तळघराची कडी काढते आणि अंधारात वाकून विचारते, "मौसीजी?"

मी तिला अडवत नाही. ती दार लावून परत येईपर्यंत मीही कान देऊन उभी असते.