मगदूम भावांची मधली पट्टी

कबनूरचे तात्यासो मगदूम म्हणजे अजब माणूस. स्वभावानं भला, पण हद्दीचा विषय निघाला की डोकं फिरलंच. धाकट्या भावाशी, बाळासोशी, वाटणी झाली तेव्हा शेत वाटलं, माग वाटले, भांडी वाटली आणि शेवटी कॉम्प्युटरपण वाटला! सी ड्राइव्ह तात्यासोंचा, डी बाळासोंचा. मधोमध कापता येईना म्हणून डबा तेवढा सामाईक. हसू नका, खरं सांगतेय.

परवा दोघं माझ्या राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात आले. तात्यासोंच्या कडेवर डबा, बाळासोंच्या खांद्यावर वायर. वायर त्यांच्या वाट्याची ना! वाटणीपासनं एकमेकांशी बोलणं बंद, म्हणून सगळं माझ्यामार्फत.

"मोनाताई, सुरूच व्हईना. नुसता काळा पडदा," तात्यासो म्हणाले.

"काय केलं होतं?"

"काय न्हाय."

काय न्हाय म्हणणारा माणूस हमखास काहीतरी करून आलेला असतो. खोदून विचारलं तेव्हा कळलं. तात्यासो डिस्कचा नकाशा उघडून बसले होते. सी आणि डीच्या मध्ये त्यांना एक बारकी, बिननावाची पट्टी दिसली. शंभर एमबीची. झालं, भावानं बांध कोरला! कुठलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून त्यांनी ती पट्टी उडवली आणि आपल्या सीला जोडून घेतली.

"अहो तात्या, कॉम्प्युटरनं सुरू कसं व्हायचं, ते त्या पट्टीतच लिहिलेलं असतं! कपाळ माझं!"

"मग तिच्यावर नाव का न्हवतं?" तात्यासो उलट माझ्यावरच.

हसू येत होतं, पण मामला गंभीर होता. तात्यासोंची लेक त्रिशला साड्यांच्या काठांची डिझाइनं काढते. तिचं पहिलंच डिझाइन एका व्यापाऱ्याला आवडलेलं. संध्याकाळी तो विणलेला नमुना बघायला येणार होता, आणि मागावर डिझाइन चढवायचं सॉफ्टवेअर फक्त ह्या डब्यावर चालतं. नमुना नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. त्यांच्या मागोमाग आलेली पोरगी दाराशी उभी होती, तोंड पांढरंफटक.

"पट्टी परत करता येईल," मी म्हटलं. "कुणीतरी शंभर एमबी जागा द्या."

"त्यांना सांगा, त्यांनी खाल्ली, त्यांनीच द्यावी," बाळासो भिंतीकडं बघत म्हणाले.

"त्यांना सांगा, आमच्यातनं सूतभर मिळणार न्हाय."

"अहो, मोबाइलवर कुणाच्या बारशाचा व्हिडिओ येतो, त्याला ह्याहून जास्त जागा लागते!" मी ओरडले. तात्यासोंनी चहा सांगितला. बाळासोंनी आपला वेगळा सांगितला.

शेवटी त्रिशला पुढं आली. "मोनाताई, माझ्या डिझाइनांचा फोल्डर शंभर एमबीच्या वर हाय. तो पुसा आणि तिथं पट्टी बसवा. ह्यांचं दोघांचं तसंच राहू दे."

"अगं, मग नमुना कशाचा विणणार?"

"कशाचाच न्हाय. ह्यात माझी जागा हायच कुठं? पप्पांच्या सीमध्ये उपऱ्यासारखी राहते की."

तात्यासोंचा चहा हातातच राहिला.

"माझ्यातनं घ्या," बाळासो उठले.

"तू कोण रं देणारा? लेक माझी हाय!" तात्यासो कडाडले. वाटणीनंतर भावाशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

"आणि पुतणी माझी न्हाय व्हय?"

घ्या! आता देण्यावरनं भांडण. दोनशे एमबी, पाचशे, एक जीबी, असा लिलावच लागला. मी गुपचूप सीमधनं शंभर काढून पट्टी बसवली, सुरू व्हायचं सगळं परत लिहिलं. पडदा उजळला तरी यांचं चालूच. तात्यासो दहा जीबीवर पोचलेले.

"बास! झाली पट्टी," मी म्हटलं.

"पट्टीचं न्हाय ओ," तात्यासो एकदम हळू आवाजात म्हणाले. "ते दहा त्रिशलाला. तिचा वेगळा ई ड्राइव्ह काढा."

काढला. आता त्याला नाव काय घालायचं, विचारलं. कुणाचं नाव आधी लावायचं, ह्यावर बाप आणि चुलता परत सुरू झाले. त्रिशलानं कीबोर्ड आपल्याकडं ओढला आणि स्वतःचं नाव घातलं. नुसतं स्वतःचं.