अर्धी दाढी

आमच्या गल्लीच्या टोकाला, सायकलचं दुकान आणि लाँड्री यांच्यामध्ये, दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. ते चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मौनी म्हणतात. दाढी करणारा माणूस बोलका असतो, असा लोकांचा समज आहे. मौनींनी तो एकट्याने खोटा पाडलाय. सव्वीस वर्षं मी त्यांच्याकडे जातो. एवढ्या काळात "डोकं मागे" आणि "डावीकडे" याखेरीज त्यांच्या तोंडून फारसं काही ऐकलेलं नाही. गिऱ्हाईक राजकारणावर कितीही पेटलं तरी हे तोंडात मिठाची गुळणी धरून वस्तरा फिरवत राहतात. बोललं की हात हलतो, असं त्यांनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं म्हणे. मला तेही सांगितलं नाही, हे मला अजून खुपतं.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली आणि बऱ्याच तपासण्यांनंतर कळलं, की फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलाय. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते ब्लडप्रेशर नव्हे, हे वेगळंच. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. चित्र वाईट होतं, पण समजलं. हृदयाची उजवी बाजू त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून थकलेली असते. त्यात ठोक्यांचा ताल बिघडला तर ती लवकर हात टेकते. "छातीत फडफड झाली, पाय सुजले, दम वाढला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही," असं त्यांनी बजावलं. मी शहाण्यासारखी मान हलवली.

आणि फडफड खरोखर सुरू झाली, तेव्हा चार दिवस कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

रविवारी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं आणि फीत मी कापायची होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांना मार्क दिले. आपल्यासाठी कुणी व्यासपीठावर खुर्ची मांडण्याची ही पहिलीच वेळ. सुजलेले घोटे मी मोज्यांत झाकले. बायकोने विचारलं तर उन्हाने थकलो म्हणालो. रविवार पार पडला की सोमवारी जाऊ दवाखान्यात, असा बेत होता. असला मूर्खपणा विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शनिवारी सकाळी दाढीला गेलो. मौनींनी साबण लावला, उजवा गाल साफ केला. मग डाव्या बाजूला येऊन कातडी ताणायला जबड्याखाली अंगठा टेकवला आणि थांबले. आरशात पाहिलं तर त्यांची नजर माझ्या मानेवर खिळलेली. मग त्यांनी वस्तरा पुसला आणि मिटून ठेवला.

"मास्तर, दवाखान्यात चला."

"अहो, दाढी तरी पुरी करा."

"नाही करणार. मानेतली शीर अशी फुगलेली कधी नव्हती. आणि ठोके कसेही पडताहेत. सव्वीस वर्षं ही मान माझ्या हाताखाली आहे. किती दिवस चाललंय?"

त्यांना एवढं बोलता येतं याचाच धक्का इतका, की मी खरं सांगून टाकलं. "चार."

"वहिनींना माहीत आहे?"

"उद्या प्रदर्शनाची फीत कापायचीय, तेवढं होऊ द्या हो. मग जातोच."

"अर्ध्या दाढीने फीत कापणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसरीकडे जाऊन उरलेली करून घेतो म्हणून उठलो, तर तीन पावलांत दम लागला आणि दाराची चौकट धरून उभा राहिलो. मौनींनी बाकावरच्या दोघांना हात जोडून बाहेर काढलं, शटर ओढलं, रिक्षा थांबवली. ऐन गर्दीच्या वेळी ते दुकान बंद झालेलं मी प्रथमच पाहत होतो. वाटेत त्यांनी माझ्या बायकोला फोन केला. गळ्यात टॉवेल, एका गालावर वाळलेला साबण, अशा थाटात आमची स्वारी दवाखान्यात पोहोचली.

डॉक्टरबाईंनी कार्डिओग्राम पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं, कॉपी करणाऱ्या पोराकडे मी पाहायचो तसं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. शॉक देऊन ताल जागेवर आणायचा तर भूल द्यावी लागते, आणि माझ्यासारख्याला ती देणंही जोखमीचं, म्हणून आधी सलाईनमधून औषधं दिली, अंगात साठलेलं पाणी उतरवलं. तिसऱ्या दिवशी ठोके ताळ्यावर आले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणखी दोन दिवस अंगावर काढलं असतं तर काय झालं असतं, ते बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बायको तेव्हा खिडकीबाहेर पाहत होती. तिने मला चांगलं झापावं असं फार वाटलं. ती वळली आणि चादर सारून माझे घोटे तपासू लागली.

दहा दिवसांनी सलूनमध्ये गेलो. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू झाल्या होत्या. कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, म्हणून वस्तरा बंद, दाढी मशीननेच. हे मौनींना कसं सांगावं या विचारात मी खुर्चीत बसलो, तर त्यांनी ड्रॉवरमधून कोरं मशीन काढलं. बायकोने आधीच कळवलं होतं. आमच्या घरात मला सोडून सगळ्यांशी हा माणूस बोलतो.

मशीन गालावर फिरू लागलं. मला छान वाटत होतं, म्हणून जरा चेष्टेत म्हणालो, "त्या दिवशी दाढी पुरी करून नेलं असतं तरी चाललं असतं. पाच मिनिटांचं तर काम."

त्यांनी मशीन बंद केलं.

"थोरल्या भावाची मान अशीच लागली होती हाताला," ते म्हणाले. "काहीतरी बिघडलंय, हे कळलं होतं मला. दाढी पुरी केली आणि जाऊ दिलं. बोललो नाही. तो दुसरी सकाळ पाहायला राहिला नाही."

त्यांचा हात धरावा असं मला वाटलं, पण माझे हात कापडाखाली अडकलेले.

"मी बरा आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या जबड्याखाली अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.