काटा जागेवर आला की निघू

मधूला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो नर्सबाईंशी हुज्जत घालत होता. दवाखान्यातली दुपारची वेळ, वर पंखा गरगरतोय, याच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधलेला, आणि हा पडल्या पडल्या त्या गोल तबकडीच्या काचेवर नखानं टकटक करतोय. "सिस्टर, हा काटा शून्यावर नीट येतो का? शेवटचा कधी तपासून घेतला होता?" बाई बिचाऱ्या हसल्या. म्हणाल्या, "काका, तुमचं बीपी वाढलंय, काट्याचं नाही." मी त्याला झापलं. म्हटलं, मध्या, गप पड की जरा, जन्मभर लोकांचे काटे तपासलेस, आता त्यांना तुझा तपासू दे. तो हसला. मी निघालो तेव्हा म्हणाला, "परवा सोडतील मला. आल्यावर गाडीचा पंप परत उतरवू. ह्या खेपेला सापडतंय बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, सुधावहिनींचा, फोन आला...  नुसता श्वास ऐकू येत होता. मला कळलं.

त्याला आता दीडेक महिना होऊन गेला. पंप उतरवायचा राहिला तो राहिलाच. आणि तो उतरवायची मुळात गरजच नव्हती, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर लिहिणं हे काही माझं काम नव्हे. मी होटगी स्टेशनात खिडकीमागं बसून तिकिटं दिलेला माणूस. पण हे कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

मधू वजनमापे खात्यात निरीक्षक होता. सोलापूरच्या मंडईत तो शिरला की भाजीवाल्या बायका पारड्यांखालचे चिंचोके काढून पदरात लपवायच्या. त्याला ते दिसायचं. तो नुसता तराजूच्या दांडीवर टिचकी मारून उभा राहायचा. बाई आपणच ओशाळी व्हायची. त्याच्या कामाची रीत ठरलेली: आधी टिचकी, मग तपासणी, आणि तपासून झालं की सील. एकदा सील मारलं की त्या वस्तूबद्दल शंका घ्यायची नाही. घरीही तेच. विजेच्या मीटरला टिचकी, लग्नात आहेर आलेल्या घड्याळाला टिचकी, आमच्या घरी चहाला आला तर भिंतीवरच्या थर्मामीटरला टिचकी. माझी बायको म्हणायची, मधूभावजी एक दिवस माझ्या कपाळाला टिचकी मारून ताप बघतील. जगातल्या एकाही काट्यावर त्याचा विश्वास नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याच्या वडिलांची एक काळी, गोल दिव्यांची गाडी होती. वडील वकील होते, तेव्हा पेठेत गाडी असणं म्हणजे मोठी गोष्ट. मधूचं लग्न नातेपुत्याला झालं आणि सुधावहिनी त्याच गाडीतून सोलापूरला आल्या. मी पण होतो त्या वरातीत, मागून येणाऱ्या टेम्पोत उभा. वडील गेल्यावर गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडली. कुत्री तिच्याखाली व्याली, मुंगसं राहिली. मधू निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं ताडपत्री ओढली. मी म्हटलं, भंगारवाल्याला दे. तो म्हणाला, "का बे, तुला भंगारात दिलं का तुझ्या बायकोनं निवृत्त झाल्यावर?" झालं, तेव्हापासून आमच्या सकाळी त्या शेडमध्ये जायला लागल्या. मी नुसता पाना धरायला आणि बडबड करायला. त्यानं इंजिन उघडलं, जोडलं, परत उघडलं. कार्बोरेटर तर इतक्या वेळा धुतला की वहिनी म्हणाल्या, "माझी पितळी समई पण इतकी घासली न्हाय कुनी."

वहिनींचं या गाडीकडं एकच मागणं होतं. एकदा चहा द्यायला शेडमध्ये आल्या आणि दारावर हात ठेवून म्हणाल्या, "येताना मागं बसून रडत आले हिच्यातनं. एकदा पुढं बसून जायचंय मला नातेपुत्याला. बास. मग इका, न्हायतर ठिवा." मधू गाडीखाली उताणा पडला होता. तिथूनच म्हणाला, "नेतो की." त्याच्या तोंडून असं पटकन निघालेलं वचन मी दुसरं ऐकलं नाही.

गाडी सुरू झाली. खरंच झाली, आणि काय सुरेख आवाज लागला म्हणता. पण मधूला नुसत्या आवाजावर भागणारं थोडंच होतं. या जुन्या गाड्यांत मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला पोचवायचं काम इंजिनाला चिकटलेला एक छोटा पंप करतो. त्यानं जास्त जोरानं ढकललं तर कार्बोरेटर तुडुंब भरून पेट्रोल सांडतं, कमी ढकललं तर गाडी चढावर आचके देऊन बंद पडते. मधूच्या हिशेबानं तिला साडेतीन पौंडांच्या आसपास दाब पाहिजे होता. तो बघायला त्यानं पुण्याहून एक मीटर मागवला. काचेच्या आत घट्ट पाकासारखं द्रव भरलेलं, म्हणजे इंजिनाच्या हादऱ्यानं काटा थरथरत नाही. वरच्या बाजूला एक छोटं रबरी बूच. गारव्याच्या वेळी, सकाळी सकाळी, त्यानं तो मीटर दुसऱ्या दोन मीटरांशी ताडून पाहिला. तंतोतंत. मग त्यानं काय केलं असेल? खात्यात जे केलं तेच. मेणबत्ती पेटवली, लाल लाख वितळवली आणि त्या बुचावर टप्पकन सील मारलं. "हा एक काटा असा आहे की ज्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन," म्हणाला. आणि तो मीटर त्यानं बॉनेटच्या कडेला, पुढच्या काचेबाहेर बसवला, चालवतानाही दिसावा म्हणून.

नातेपुत्याला निघायचा दिवस ठरला. वहिनींनी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही असा डबा बांधला. हिरवी साडी, केसात गजरा, पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या, आणि चेहरा असा की मला उगाच भरून आलं. मी मागं. मोहोळ गेलं, गाडी मस्त चाललीय. ऊन चढलं. आणि मोडनिंबच्या अलीकडं मधूचं बोलणं बंद झालं. मी पुढं वाकून पाहिलं तर काचेबाहेरचा काटा साडेतीनवरून खाली आला होता. तीन... अडीच... मोडनिंबला दोनच्याही खाली. त्यानं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, नळ्या चाचपल्या, काचेवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "आवो, गाडी तर चालतीय की!" तो म्हणाला, "चालतीय गं. पण काटा बघ की. पुढं माळशिरसच्या माळावर बंद पडली तर तुला घेऊन कुठं बसू मी उन्हात?" मी पण तोंड सोडलं. म्हटलं, एक आचका तरी दिला का तिनं? तो म्हणाला, "देईल. दाब पडतोय म्हणजे देणारच." आणि वळवली गाडी. भाकरी आम्ही मोहोळला एका झाडाखाली खाल्ली.  वहिनींनी गजरा तिथंच काढून ठेवला.

त्यानंतरचं काय सांगू... पंपातला रबरी पडदा बदलला, मग अख्खा पंप बदलला. रबरी नळ्या नव्या घातल्या. टाकी उतरवून धुतली, त्यातून निघालेला गंज त्यानं मला बाटलीत भरून दाखवला, जसा काही चोरच पकडला. प्रत्येक वेळी तेच. सकाळी गार असताना काटा साडेतीनवर ताठ उभा, आणि इंजिन तापलं, ऊन चढलं की खाली. एकदा वैतागून त्यानं बादलीभर पाणी बॉनेटवर ओतलं. काटा हळूहळू वर चढला! तेव्हा तो जो काही खूश झाला. "सापडलं. गर्मीनं पेट्रोल नळीतच उकळतंय, त्याची वाफ होतेय." मग सोलापुरी टॉवेल फाडून, भिजवून तो पंपावर बांधला, नळ्यांना कापड गुंडाळलं. तरी काटा खालीच. मी चिडायचो. म्हणायचो, मध्या, तुला गाडी चालवायचीय का काटा? तो शांतपणे म्हणायचा, "काटा जागेवर आला की निघू." वहिनी विचारायच्या तेव्हाही तेच. पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडलं. भाच्याचं लग्न आलं, त्या एसटीनं नातेपुत्याला जाऊन आल्या. मधू स्टँडवर सोडायला गेला होता, रिक्षानं. परत आला आणि दिवसभर पंप उघडून बसला. मला आज वाटतं, त्याला गाडी बंद पडायची भीती नव्हती. वहिनी शेजारी बसलेल्या असताना बंद पडायची भीती होती.

तो गेल्यावर वहिनींनी मला एकच काम सांगितलं होतं: आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून ठेवत जा, बॅटरी उतरायला नको. गेल्या रविवारी मला जायला उशीर झाला. अकराचं ऊन, चैत्रातलं. गाडी शेडबाहेर काढून उभी केली आणि इंजिन चालू ठेवून पुसत बसलो. बघता बघता काटा खाली आला, दोनच्याही खाली. इंजिन आपलं एका सुरात चाललेलं. मीटरवर धूळ बसली होती, लाखेचं सील उन्हानं मऊ होऊन एका कडेनं सुटलं होतं, त्यात माती गेलेली. मधूला हे खपलं नसतं. म्हटलं, खरवडून काढू आणि नवं मारू. नखानं ओढलं, तर लाखेबरोबर ते रबरी बूचच उपटून हातात आलं. फुस्स करून आवाज झाला. आणि काटा वर गेला. एका झटक्यात. साडेतीन.

 मी बूच परत दाबून बसवलं, थोडा वेळ ऊन खाऊ दिलं. काटा उतरायला लागला. काढलं. साडेतीन. माझ्यासारख्या तिकिटं देणाऱ्याच्या डोक्यातही उजेड पडला. उन्हात ठेवलेला घट्ट झाकणाचा डबा कसा फुगतो, तसं मीटरच्या आत कोंडलेली हवा तापून फुगत होती आणि काट्याला उलट ढकलत होती. ते बूच आतली हवा सोडायलाच दिलेलं होतं, आणि मधूनं त्याच्यावर सील मारलं होतं. पेट्रोल कधी उकळलंच नव्हतं. पाणी ओतलं तेव्हा गार झाला होता तो मीटर. पंप पहिला होता तोही चांगला होता. मोडनिंबला गाडी चांगली होती. ती थेट नातेपुत्याच्या वेशीत जाऊन उभी राहिली असती. मला इतका राग आला की मी त्या शेडच्या पत्र्यावर मूठ हाणली. सगळ्या जगावर शंका घेतलीस मध्या, आणि नेमका हा एकच काटा खरा मानलास... आणि मी तरी काय, रोज त्याच्याशी भांडलो, पण काटाच खोटा असेल हे माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. त्याचं सील होतं ना त्याच्यावर.

वहिनींना सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घोळत राहिलो. सांगून काय मिळणार? पण न सांगता त्यांच्या हातचा चहा घशाखाली उतरेना. शेवटी सांगितलं. त्या ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. ते बूच माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि कनवटीला खोचलं. म्हणाल्या, "ह्यांना कळलं असतं तर लई जिवाला लागलं असतं ओ भावजी. बरं झालं न्हाय कळलं." मी म्हटलं, वहिनी, गाडी तयार आहे. उद्या निघू, मी चालवतो. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. "ह्यांच्याबिगर न्हाय."

काल सकाळी मी गाडी शेडबाहेर काढून सुरू केली तेव्हा त्या आल्या. पुढचं दार उघडून बसल्या, मांडीवर पर्स घेऊन. मी इंजिन तापू दिलं. ऊन काचेवर आलं. मग पुढं वाकून त्यांनी काचेवर, आतल्या बाजूनं, नखानं टकटक केलं. अगदी त्याच्यासारखं.

"काटा कुटं हाय, भावजी?"

"जागेवर आहे, वहिनी."

त्यांनी मांडीवरची पर्स उचलून काखेत मारली. मग म्हणाल्या, "म्हंजे निघायला हरकत नव्हती." आणि दार उघडून उतरल्या. गॅसवर दूध ठेवलं होतं त्यांनी.