फौजीबाबांचा सोनेरी रेझर: नागपूर ते नरखेड

मिलिंद नाशिकला आमच्या कारखान्यात कामाचं प्रशिक्षण घ्यायला आला नसता, तर मी नागपूरला कधी गेलो असतो कोण जाणे. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी तेव्हा तिशीचा, बिनलग्नाचा, आणि खोलीतलं एक अख्खं कपाट जुन्या दाढीच्या रेझरांनी अडवलेलं. भंगारातून आणायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे आणि रोज वेगळ्याने दाढी करायची, हा माझा छंद. मिलिंद एकदा जेवायला आला तो कपाटापुढेच थबकला.

"भाऊ, माह्या बाबाचा असाच एक आहे. सोनेरी. खालची मूठ फिरवली का वरच्या दोन पाकळ्या उघडतात. लढाईच्या वेळी फौजेतल्या साहेबानं देल्ला होता. घेता का तुम्ही?"

पाकळ्यांचा सोनेरी रेझर मी तोवर फक्त जुन्या मासिकातल्या जाहिरातीत पाहिला होता. डिसेंबरात रजा टाकली आणि निघालो.

नागपूर म्हटलं की लोक उन्हाच्याच गोष्टी सांगतात. मी सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा दात वाजत होते. हिवाळ्यात जाणार असाल तर स्वेटर विसरू नका. स्टेशनबाहेर हातगाडीवर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल जाळ रस्सा ओततात. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागितली. मिलिंद प्रशिक्षण संपवून शहराबाहेर हिंगण्याच्या कारखान्यात परतला होता आणि त्याची पाळी संध्याकाळी सुटणार होती, म्हणून दिवसभर इतवारीच्या जुन्या बाजारात भटकलो. जुन्या भांड्यांच्या एका दुकानात पितळेचा साधा तीन तुकड्यांचा रेझर मिळाला. दुकानदाराने तो काय आहे हे न पाहताच वजनावर दिला. असं दुकान दिसलं, तर घाई न करता खालचं टोपलं उपसा. चांगली वस्तू नेहमी तळाशी असते.

संध्याकाळी हिंगण्याला मिलिंदच्या खोलीवर पोचलो. चहा झाल्यावर त्याने ट्रंकेतून रुमालात गुंडाळलेला रेझर काढला. सोनेरी मुलामा अजून बराच टिकला होता, पण पाकळ्यांच्या सांध्यांत साबण आणि खाऱ्या पाण्याचा थर दगडासारखा बसला होता. मूठ जेमतेम फिरत होती.

"हा तुझ्याकडे कसा? बाबा वापरत नाहीत?"

मिलिंद खाली बघत म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात बाबाले लकवा मारला. उजवा हात थरथरते. तरी रोज स्वतःच दाढी करत. एक दिवस गाल असा कापला का आईचा पदर रक्तानं भरला. मी हा उचलून इथं आणला. पुन्हा घरात दिसलाच नाई पाह्यजे."

"विकायचं त्यांना विचारलंस?"

"उद्या विचारू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एसटीने काटोलमार्गे नरखेडकडे निघालो. काटोल सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. तोड चालू होती, आणि फांद्यांना फळांच्या ओझ्याखाली बांबूचे टेकू दिले होते. खिडकीची जागा धरा. फाट्यावर उतरून बैलगाडीच्या वाटेने चालत गेलो. गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती, निळा झेंडा, आणि पहिल्याच घराच्या ओट्यावर खाटेवर बसलेले मिलिंदचे बाबा. अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट, बुटांना पॉलिश, आणि चेहऱ्यावर गळ्यापर्यंत वाढलेली पांढरी, विस्कटलेली दाढी. एका माणसाला दुसऱ्याच कोणाचा चेहरा लावावा, तसं ते दिसत होतं.

"जय भीम, बाबा. हे नाशिकचे भाऊ," मिलिंद म्हणाला. त्याच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती.

बाबांनी पुरचुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दुरुस्त कराले आला का गा?"

मी मिलिंदकडे पाहिलं. तो ओट्याच्या मातीकडे बघत होता. "हो," मी म्हणालो.

आता करणं भाग होतं. मिलिंदच्या आईंनी चुलीवर पाणी तापवून दिलं. मी साबणाचा चुरा टाकून रेझर त्यात भिजत ठेवला. तो भिजेपर्यंत बाबा बोलत राहिले.

"मी फौजेतून आलो तवा गावचा न्हावी आमच्या वस्तीत येत नव्हता. आमचा केस त्याच्या वस्तऱ्याले चालत नव्हता. आमचे लोक कोयत्याच्या धारेनं गाल खरवडत. हा रेझर मी फौजेतून आणला होता. लग्न असो का काही असो, सारी वस्ती या ओट्यावर बसे, अन मी एकेकाची दाढी करून देत होतो."

"आता येतो म्हणते नं न्हावी," आई आतून म्हणाल्या. "त्याचा पोरगा चांगला आहे. पण हे बसत नाईत. चार महिने झाले, वस्तीच्या बाहेर गेले नाईत. पोरीचं लग्न ठरून राहिलं, अन हे म्हणतात मी मांडवात येत नाई."

"काहून येऊ? असं तोंड घेऊन?" बाबा म्हणाले.

मिलिंद उठून विहिरीकडे गेला.

मी दातांच्या जुन्या ब्रशने सांधे घासले, दोऱ्याने पाकळ्यांखालचा मळ काढला आणि शेजाऱ्यांच्या शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब मुठीत सोडला. मूठ फिरू लागली. पण एक पाकळी पूर्ण मिटत नव्हती. खाली थराचा एक कण अडकलेला. तो सुईने काढला तेव्हा ती अलगद बसली. मी मिलिंदला हाक मारून दाखवलं. "ही उघडी राहत होती, म्हणून पातं एका बाजूने बाहेर यायचं. चांगल्या हाताच्या माणसालाही कापलं असतं."

नवं पातं बसवून मी आधी माझ्या गालावर फिरवून पाहिला. मग मिलिंदने कात्रीने बाबांची दाढी बारीक केली आणि आईंनी आरसा धरला. बाबांनी रेझर डाव्या हातात घेतला. ब्रशने फेस केला, तोही डाव्या हातानेच. पहिला हात कानाजवळून खाली आला. हनुवटीपाशी हात थरथरला आणि फेसात लाल ठिपका उमटला. मिलिंद झेपावला.

"राहू दे गा," आईंनी त्याला अडवलं. "तुरटी दे फक्त."

बाबांनी तुरटी लावली, पातं धुतलं आणि पुढे चालू ठेवलं. बराच वेळ लागला. शेवटी टॉवेलने तोंड पुसून त्यांनी आरशात स्वतःला पाहिलं आणि आईंना म्हणाले, "पाह्य वं, जमलं का?"

आईंनी आरसा खाली ठेवला. "हाव, आता ओळखू आले," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावत भाकरी टाकायला आत गेल्या. जेवणात पिठलं, भाकरी आणि वांग्याची भाजी होती. मिलिंदने स्वतःच रेझर कोनाड्यात ठेवला, कोरडा करून, पाकळ्या उघड्या ठेवून, मी सांगितलं होतं तसा.

परतीच्या बससाठी बाबा काठी टेकत मला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत बागेतला एक जण ओरडला, "फौजी! लय दिवसांनी!" बाबांनी काठी उंचावली. फाट्यावर पोचल्यावर म्हणाले, "तू घ्याले आला होता नं तो?"

मी गोंधळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"पोरगा महिन्याभरापासून घरी आला का नजर चोरे, अन आज पुरचुंडी घेऊन अनोळखी पाहुणा आणला. मले समजत नाई का? म्हणून मीच पहिले म्हणून टाकलं, दुरुस्त कराले आला का. आता घरी आलेल्या पाहुण्यानं म्हाताऱ्याले नाई कसं म्हणावं?" आणि ते गाडीचा आवाज येईपर्यंत हसत राहिले.

नाशिकला पोचलो तेव्हा पिशवीत इतवारीचा पितळी रेझर होता आणि आईंनी दिलेली संत्री. फाल्गुनात मिलिंदकडून लग्नाचा एक फोटो आला. मांडवाच्या तोंडाशी बाबा उभे, गाल गुळगुळीत, हनुवटीवर बारीकशी खपली. मी त्यानंतर पुष्कळ रेझर घेतले, अजूनही घेतो. पण आता कोणाच्या घरी तसा रेझर दिसला, की किंमत नंतर. आधी विचारतो, हा वापरणारा माणूस कुठे आहे, आणि त्याची भेट होईल का.