चौकटीतला दांडा

आमचे हे अग्निशमन दलात आहेत. पन्नाशी आली तरी गाडीवर चढायची हौस फिटत नाही. दरवर्षी त्यांची चाचणी असते. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायचा, दांड्याला लटकायचं आणि सहा वेळा अंग वर ओढून हनुवटी दांड्यापर्यंत न्यायची. जमलं तर गाडीवर, नाहीतर कायमचं फोनच्या टेबलावर.

मला टेबल हवं होतं, सरळच सांगते.

ह्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीत दांडा बसवला आणि येता-जाता लटकायला लागले. दलातल्या उस्तादांनी माझ्यासमोर बजावलं होतं, "रोज दम संपेपर्यंत ओढू नका. दिवसाआड करा, थोडेच करा, पण वजन बांधून. मधे हातांना आराम द्या." ह्यांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. वजन नाही, आराम नाही, नुसता ढीग. "जितकं जास्त तितकं बरं," म्हणे.

झालं उलटंच. आकडा रोज खाली यायला लागला. कोपर सुजलं. चहाचा कप डाव्या हातात गेला. मला सगळं दिसत होतं, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. असंच चालू राहिलं तर नापास होतील आणि माझ्या डोळ्यांसमोर सुखरूप राहतील, एवढाच माझा हिशोब.

चाचणीला महिना असताना एका सकाळी हात सुटला आणि ते खाली बसले. तळहाताकडे बघत म्हणाले, "संपलो वाटतं मी."

तो आवाज मला ऐकवेना. मी पाना आणला, दांडा काढला आणि कपाटात कोंडला.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. आठवडाभर हात लावायचा नाही. मग दिवसाआड, पाठीवर धान्याची पिशवी बांधून. अजून एक निघेल असं वाटलं की तिथेच थांबायचं."

घरात अबोला सुरू झाला. पण ऐकलं त्यांनी.

चाचणीच्या दिवशी मी अग्निशमन केंद्राच्या कुंपणाशी उभी होते. पाच झाले. सहाव्याला हनुवटी दांड्याखाली अडकली. मी देवाकडे नक्की काय मागत होते, माझं मलाच कळेना. हनुवटी वर गेली.

सिलिंडर उतरवायच्या आत घंटा झाली. हे तसेच गाडीकडे धावले. "जेवायला थांबू नकोस," एवढं मात्र बोलले, महिन्यानंतर.

गाडी फाटकाबाहेर गेली. उस्ताद जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्यामुळे जमलं हो."

"तेच तर," मी म्हटलं.