तसबिरीतली आठी

"आधी बसा. उभ्यानं कायले पाहता?"

चित्र पाहायला आलेल्या प्रत्येकाला आमच्या गावचे रंगवाले चाचा हेच सांगत. बोलताना दातांत धरलेला ब्रश काढत नसत, त्यामुळे नवख्याला निम्मेच शब्द कळायचे. पण हाताने जमिनीकडे अशी खूण करत की माणूस आपोआप बसायचा.

बाळांनो, गेल्या खेपेला तुम्ही दोघे माझ्या वडिलांच्या तसबिरीसमोर उभे राहून भांडलात. एक म्हणाला, पणजोबा रागावलेत. दुसरी म्हणाली, छे, आता रडतील. दोघांनी मला पंच नेमले आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून गेले. उत्तर लांबलचक होते. आता क्रमाने सांगते.

चाचा आमच्या कामरगावला आले तेव्हा माझे वडील जाऊन काही महिने झाले होते. मी सहा वर्षांची होते. चाचा दुकानांच्या पाट्या रंगवत, पोळ्याला बैलांची शिंगे रंगवत आणि कोणी सांगितलेच तर माणसांच्या तसबिरी करत. तिन्हींत शिंगे त्यांना जास्त आवडत. म्हणत, "बैल कधी म्हणत नाई, माहा चेहरा उतरलेला काढला म्हून."

आमचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. वडिलांचा फोटो एकही नव्हता. मळ्यातल्या माणसाचा फोटो काढायला कोण येणार? पण आजीला मुलाचा चेहरा भिंतीवर हवा होता. चाचांनी तर वडिलांना कधी पाहिलेलेच नव्हते. ते घरात येऊन एकेकाला विचारू लागले. काका म्हणाले, "दादा लय कडक." आईला विचारायची सोय नव्हती. सासूसमोर नवऱ्याच्या रूपाचे वर्णन करायचे नाही, अशी रीत. ती दाराआड वाल सोलत राहिली. शेवटी आजी समोर बसली आणि तीन दिवस बोलत होती. नाक असे, भुवई अशी, लहानपणी विहिरीत पडला तेव्हाची खोक इथे. चाचा मान हलवत आणि जाड कापडावर हात चालवत.

तसबीर झाली. आजीने पाहिली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "हा माहाच पोरगा."

तिथून पुढे आमच्या घराचा कारभार त्या तसबिरीकडे गेला. काहीही ठरवायचे असले की आजी दिवेलागणीला निरांजन घेऊन तिच्यासमोर उभी राहायची. वांगी लावायची की मिरची, गोऱ्हा विकायचा की ठेवायचा, सगळे तिथे विचारले जाई. काकांना सायकल घ्यायची होती. आजीने निरांजन वर केले, निरखून पाहिले आणि म्हणाली, "कपायावरची आठी पाह्य. त्याले पसंत नाई." काका चिडले. "माय, ती आठी रोजच अस्ते! मेल्यावरही दादा मले सायकल घेऊ देऊन नाई राह्यला!" सायकल आली नाही. काका पुढे कितीतरी वर्षे पायीच मळ्यात गेले.

मला त्या वेळी वाटे, वडील हसू दाबून बसले आहेत. एकदा आईला हळूच विचारले. ती खाली मान घालून भाजी निवडत होती. म्हणाली, "मले तं थकलेले वाटतात. मळ्यातून आले का असेच बसत."

मी बारा वर्षांची झाले. गावातल्या शाळेतले शिक्षण संपले. मास्तरांनी घरी येऊन सांगितले, ही पोरगी हुशार आहे, अमरावतीला मुलींच्या शाळेत घाला, तिथे राहायची सोय आहे. त्या दिवशी आईने मास्तरांच्या चहात दोनदा साखर घातली. काका म्हणाले, मायला विचारतो. आणि माय तसबिरीला विचारणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

दिवेलागणीला आजी उभी राहिली. मी तिच्या मागे. तिने बराच वेळ पाहिले. "लय रागावला," ती म्हणाली. "पोट्टीले परगावी नाई धाडाचं." संपले. मास्तरांशी वाद घालता आला असता. तसबिरीशी कसा घालणार?

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेले. ते कापडाच्या दुकानासमोर पाटीसाठी फळी घासत होते. मी म्हटले, "चाचा, आमच्या बाबांचं तोंड जरासं हसरं करून द्या. एक ठिपका लावा. कोणाले कळणार नाही."

त्यांनी हातातली फळी ठेवली. "बस आधी." मी बसले. "ओठाचा कोना उचलाले काय लागते, बेटी? पण मंग तुही आजी म्हणन, पोट्टी चालली म्हून हा हसून राह्यला, सुटला एकदाचा. मंग तू जाशीन?"

मला रडू फुटले. चाचांनी फळी पुन्हा हातात घेतली. मग फळीकडे पाहतच म्हणाले, "आठी काहून दिसते, मले मालूम हाय. पण सांगितलं तं त्या मायचा पोरगा दुसऱ्यांदा जाईन. मले भ्या वाटते." मला काही कळले नाही. मी घरी आले.

त्याच संध्याकाळी चाचा आमच्या ओट्यावर उभे. हातात ब्रश नाही, रंगाचा डबा नाही. आजीला म्हणाले, "माय, तसबीर पुसाले आलो." त्यांनी ती खुंटीवरून उतरवली, धूळ पुसली आणि पुन्हा टांगली नाही, भिंतीला टेकवून खाली ठेवली. "बसा. उभ्यानं कायले पाहता? तुमी निरांजन खालून धरता, उजेड खालून पडला का कोणीही रागावलेलं दिसते."

आजी बसली. निरांजन बाजूला ठेवले. वाकून पाहिले. "तरी रागावलाच हाय," ती ठसक्यात म्हणाली.

आई दाराशी आली होती. काका खांबाला टेकून उभे. चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"माय, तुमी तीन दिवस सांगत होत्या. तवा मी कुठी पाहत होतो, याद हाय?"

"माह्याकडं. मी बोलून राह्यली होती, दुसरीकडं कुठी पाहशीन?"

आजीचा हात हळूच स्वतःच्या कपाळाकडे गेला, दोन भुवयांच्या मध्ये, आणि तिथेच थांबला.

"ही आठी, हे डोये, माहे हायत?"

"पोराचे डोये मायवर नाई जाणार तं कोणावर जातीन?" चाचा म्हणाले. "मी त्याले पाह्यलं नव्हतं, माय. तुमाले पाह्यलं."

मला वाटले, आता आजी तसबीर उचलून अंगणात फेकेल. काका पुढे झाले, त्यांनाही तेच वाटले असावे. आजी हलली नाही. निरांजनातली वात चरचरली तरी तिचे लक्ष नव्हते. ती त्या चेहऱ्याकडे पाहत होती. आणि मी पहिल्यांदाच तसबिरीकडे न पाहता आजीच्या चेहऱ्याकडे पाहिले. तीच आठी. तेच ताणलेले ओठ.

"हा रागावला नाई," ती शेवटी म्हणाली. "हा भ्याला हाय. एकडाव घरातून माणूस गेलं, आता पोट्टीबी जाते म्हून भ्याला." तिने पदराने तसबिरीचे कपाळ पुसले. "जाऊ दे तिले. याच्याजवळ मी बसीन."

दाराशी आईने पदर तोंडात धरला. काका घसा खाकरून म्हणाले, "मंग सायकलचं काय?" आजीने त्यांच्याकडे असे पाहिले की सायकलचा विषय कायमचा मिटला.

तसबीर पुन्हा टांगली ती बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी, खाली. खुंटी चाचांनी स्वतः ठोकली. आजीने त्यांना भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. चाचा निघाले तेव्हा मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "मी काई नाई केलं. मी तं फक्त तुही आजी बसवली."

आखाडात मी निघाले. मूर्तिजापूरपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. बाजारातून गाडी जात असताना चाचा शिडीवर चढून कापडाच्या दुकानाची पाटी रंगवत होते. मी हाक मारली. ब्रश दातांत, दोन्ही हात फळीवर. त्यांनी नुसती मान वळवली. हसले की उन्हाने डोळे बारीक केले, मला आजही ठरवता येत नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी आले तेव्हा आजी तसबिरीसमोर पाटावर बसून लसूण सोलत होती. तिनेच सांगितले. मी गेले त्याच आठवड्यात चाचांना ताप आला, चार दिवसांत गेले. त्यांची तसबीर? रंगवाल्याची कोण काढणार?

मी बाजारात गेले. कापडाच्या दुकानावर पाटी तशीच होती. पिवळ्या रंगावर लाल, गोल, ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, "येथे सर्व प्रकारचे". पुढे मोकळी पिवळी फळी. मी दुकानदाराला विचारले, पुरी का करून घेत नाही? तो म्हणाला, "दुसऱ्याचं अक्षर कसं जुळन? राहू दे. लोक समजून घेतात."

समोरच्या ओट्यावर ऊन आले होते. मी आधी बसले, मग पाटीकडे पाहिले.