शिंगांच्या टोकाला डोळे असलेली माशी

बदनापूरच्या स्टेशनात गाडी हलली तशी आई खिडकीबरोबर चालत आली. रडणं आवरून म्हणाली, "परक्या मुलखात काही बी दिसलं तरी भिऊ नको." मी हैदराबादेला नांदायला निघाले होते. वाटलं, भिण्यासारखं काय असणार तिथं?

हे शेतकी कचेरीत कारकून होते. त्यांच्या साहेबांनी पूर्वेकडच्या डोंगरातून फर्नच्या कुंड्या मागवल्या होत्या, त्यातली एक आम्हाला दिली. ती मी खोलीतच खिडकीखाली ठेवली. एका दुपारी पाणी घालायला वाकले आणि हातातला तांब्याच सुटला. पानावर माशी बसली होती. डोक्याला दोन्हीकडं आडवी, लांब शिंगं, आणि डोळ्यांच्या जागी डोळेच नव्हते! मी पोटुशी होते. अशा दिवसांत असलं विपरीत पाहू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी किंचाळले. शेजारची खाला, म्हणजे तिकडची मावशी, धावत आली, माशीवर काचेचा पेला पालथा घालून मागं सरकली.

"ये मक्खी नहीं, बला है. जल्दी फेंको!"

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मला उद्याच्या उद्या बदनापूरला धाडा." ते तसेच उठून साहेबांकडून भिंग घेऊन आले आणि पेल्यावर वाकले.

"अगं, डोळे शिंगांच्या टोकाला हायत!"

मीही पाहिलं. दोन तांबडे थेंब माझ्याकडंच बघत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुस्तकातल्या चित्राशी ती ताडून पाहिली. माशीच होती, त्या डोंगरातली. कुंडीच्या मातीतून अळी आली असणार. चावत नाही, डसत नाही. हे म्हणाले, "तुला जायचं तर मी पोचवतो. पण भिऊन जाऊ नको."

मी थांबले. भीती मात्र गेली नाही. बाळंतपणाला माहेरी आले, मुलगी झाली. सुईणीनं ती कुशीत देताच मी तिच्या कपाळावरून, कानशिलांवरून बोटं फिरवली.

"काय शोधून राह्यली ग?" सुईण म्हणाली. मला रडूच फुटलं.

पुढं आई म्हणाली, "अजून महिनाभर राहा." माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई आई, आता घरी जायला पाहिजे."

बोलले आणि माझी मीच दचकले.

"मंग हे काय हाय?" आईनं हळूच विचारलं.

बदनापुरातले तुम्ही सगळे आजही मला तेच विचारता, आणि मला अजून सांगता येत नाही. आईनं तेव्हा उत्तराची वाट पाहिली नाही. उठली आणि फळीवरची माझी पेटी खाली काढली.